अडीच ताऱ्यांचा आक्षेप

बास्केटबॉलवर अधिकारवाणीने बोलणाऱ्या एका समीक्षकांनी ख्रिस बॉशचा निकाल लावून टाकला आहे. टोरंटोत हा माणूस राजा होता. २०१० मध्ये तो लेब्रॉन जेम्स आणि ड्वेन वेड यांच्या सोबतीला मायामीत गेला आणि तिथे त्यांचा हुजऱ्या झाला. त्याचे गुण घटले, रिबाउंड घटले, पावणेसात फुटांहून उंच असूनही तो रिंगपासून लांब लांब पळू लागला आणि दोन विजेतेपदे त्याच्या ओंजळीत आयती पडली. अमेरिकेत तेव्हा या त्रिकुटाला ‘अडीच’ म्हणून चिडवत. समीक्षकमहाशयांनी तोच शिळा विनोद इतक्या वर्षांनी ऊन करून वाढला आहे आणि त्याला मीमांसा असे भारदस्त नाव दिले आहे.

किरकोळ आक्षेप आधी उरकून टाकू. टोरंटोशी गद्दारी केली म्हणे. सात हंगामांत ज्या संघाने फक्त दोनदा प्लेऑफ गाठला आणि दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत मार खाल्ला, त्या संघाला बॉशने आणखी किती वर्षे द्यायची होती? तिघांनी ठरवून एकत्र येणे खिलाडूपणाला धरून नाही म्हणे. संघमालकांनी ठरवून तीन तारे जमवले की ती दूरदृष्टी आणि खेळाडूंनी तेच केले की कारस्थान, हा न्याय ज्यांना पटतो त्यांना तो लखलाभ असो.

खरे शस्त्र आहे आकड्यांचे. २००९-१० च्या हंगामात बॉशची सरासरी २४ गुण आणि १०.८ रिबाउंड होती. मायामीतल्या पहिल्या हंगामात ती १८.७ आणि ८.३ वर आली, २०१२-१३ मध्ये १६.६ आणि ६.८ वर. ही उतरती भाजणी समीक्षकांनी भिंगाखाली धरून दाखवली. मैदानात चेंडू एकच असतो, एवढी बारीक गोष्ट मात्र त्या भिंगातून निसटली.

एकत्र येण्याआधीच्या हंगामात जेम्सची सरासरी २९.७ होती, वेडची २६.६, बॉशची २४. बेरीज ८०.३. त्या काळी एनबीएचा संघ एका सामन्यात शंभराच्या आसपास गुण करी. तिघांनीही आपापली जुनी सरासरी शाबूत ठेवायची म्हटली असती, तर उरलेल्या संघाने टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या होत्या. कुणाचा तरी वाटा कमी होणारच होता, आणि झाला तो तिघांचाही: जेम्स २६.७ वर आला, वेड २५.५ वर. बॉशचा सर्वांत जास्त कमी झाला, कारण चेंडू हातात नसतानाही उपयोगी पडेल असा तिघांतला तोच होता. त्याची धार बोथट झाली म्हणावे, तर टोरंटोतल्या त्या शेवटच्या हंगामात त्याचे ५१.८ टक्के फटके रिंगमध्ये जात होते आणि २०१२-१३ मध्ये ५३.५ टक्के. फटके कमी, नेम जास्त. याला ऱ्हास म्हणण्यासाठी वेगळेच अंकगणित शिकावे लागते.

आणि हेच अंकगणित केविन गार्नेटला का लावत नाहीत? २००७ मध्ये तो पॉल पिअर्स आणि रे ॲलन यांच्या जोडीला बोस्टनला गेला. त्याची सरासरी २२.४ वरून १८.८ वर घसरली, ॲलन आणि पिअर्स यांचीही घसरली. आदल्या वर्षी २४ सामने जिंकणारा संघ ६६ जिंकून २००८ चा विजेता झाला आणि गार्नेट लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याला ‘त्यागमूर्ती’ म्हणायचे आणि बॉशला ‘अर्धा’. फरक काय, तर गार्नेट छाती पिटून ओरडायचा आणि बॉश मुकाट्याने खेळायचा.

रिंगपासून लांब पळाला, हा आक्षेप तर जुन्या भांडणाची नवी आवृत्ती. उंच माणसाची जागा रिंगखाली, असे मानणाऱ्यांशी एनबीएत तीन गुणांची रेषा आली तेव्हापासून, म्हणजे १९७९ पासून, वाद चालू आहे. आपल्याकडेही वर्गातल्या सर्वांत उंच पोराला रिंगखाली खुंटासारखे उभे करणारे क्रीडाशिक्षक कमी नाहीत. क्रिकेटमध्ये २००३ च्या विश्वचषकात एका भरवशाच्या फलंदाजाच्या हातात ग्लोव्ह्ज देऊन सातव्या फलंदाजासाठी जागा केली, तेव्हाही याच वळणाच्या मंडळींनी नाके मुरडली होती. भारत अंतिम सामन्यापर्यंत गेला, हे सांगितले की ते विषय बदलतात.

मायामीत बॉश बाहेर का आला? जेम्स आणि वेड या दोघांचेही बळ चेंडू घेऊन रिंगवर धडकण्यात. त्या वाटेवर आपलाच उंच गडी उभा असला, की त्याला धरून राहिलेला प्रतिस्पर्धी सेंटरही तिथेच उभा राहतो आणि वाट बुजते. बॉश पंधरा-वीस फुटांवर उभा राहून भरवशाने फटका मारू शकत होता, म्हणून त्या सेंटरला बाहेर यावे लागे. बचावात काम याहून कष्टाचे. प्रतिस्पर्धी स्क्रीन लावून खेळ सुरू करी, तेव्हा बॉशने रेषेपर्यंत धावत जाऊन चेंडूवाल्याला कोंडायचे आणि क्षणात परत रिंगकडे पळायचे. इतके धावून वर दहा रिबाउंडही आणा म्हणणाऱ्यांनी एकदा मैदानात उतरून पाहावे. मायामी २०१२-१३ मध्ये रिबाउंडच्या सरासरीत लीगच्या तळाशी होता. त्याच हंगामात त्याने सलग २७ सामने जिंकले आणि एकूण ८२ पैकी ६६.

समीक्षकांचा हुकमी एक्का मात्र वेगळा आहे. २०१३ च्या अंतिम मालिकेतला सॅन अँटोनिओ स्पर्सविरुद्धचा सातवा सामना: बॉश, शून्य गुण. पाच फटके, पाचही हुकलेले. हे खरे आहे, आणि झाकून ठेवण्याजोगेही नाही. मायामी ९५-८८ ने जिंकला तो जेम्सच्या ३७ गुणांवर आणि शेन बॅटिएच्या सहा थ्री-पॉइंटरवर.

पण सातवा सामना झाला कसा, हे एक्का टाकणारे सांगत नाहीत. सहाव्या सामन्यात २८ सेकंद उरले असताना मायामी पाच गुणांनी मागे होता. स्पर्सच्या विजयोत्सवासाठी मैदानाभोवती दोर लावायला सुरुवात झाली होती. जेम्सचा एक थ्री-पॉइंटर पडला, पुढचा हुकला. तो रिबाउंड दोघा-तिघांच्या गर्दीतून बॉशने खेचला आणि उजव्या कोपऱ्यात मागे सरकणाऱ्या, एव्हाना मायामीकडून खेळणाऱ्या रे ॲलनकडे चेंडू दिला. ॲलनचा थ्री-पॉइंटर पडला: ५.२ सेकंद बाकी, ९५-९५. (रिबाउंड अडवू शकला असता असा स्पर्सचा उंच गडी टिम डंकन तेव्हा बाकावर होता, हेही खरे, ती चूक बॉशची नव्हे.) ओव्हरटाइममध्ये बॉशने टोनी पार्करचा फटका अडवला. मग अखेरच्या क्षणी कोपऱ्यातून बरोबरी साधू पाहणाऱ्या डॅनी ग्रीनचाही अडवला. त्या मालिकेत थ्री-पॉइंटरचा विक्रम मोडणारा तोच ग्रीन. सामना १०३-१०० ने मायामीचा. रिंगखाली खुंटासारखा उभा राहणारा सेंटर त्या कोपऱ्यापर्यंत पोचला असता का, याचे उत्तर समीक्षकांनी सवडीने द्यावे.

मग दुसऱ्या ताऱ्यांच्या जोडीला गेलेल्या अशा खेळाडूकडून मागायचे तरी काय? फार काही नाही. नव्या ताऱ्यांना जे जमते ते त्याने पुन्हा करून दाखवू नये. त्यांना जे जमत नाही किंवा ज्याचा त्यांना कंटाळा आहे, ते उचलावे. २०१२ च्या प्लेऑफमध्ये पोटाच्या दुखापतीने नऊ सामने बाहेर राहून बॉश परतला आणि बोस्टनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात त्याने दहापैकी आठ फटके लावले, त्यांतले तीन थ्री-पॉइंटर. पुढे ओक्लाहोमा सिटीला हरवताना तो सेंटर म्हणून खेळला. पुढे जेम्सच्या जोडीला क्लीव्हलंडमध्ये गेलेल्या केविन लव्हचीही अशीच हेटाळणी झाली, कारण त्याची सरासरी २६.१ वरून १६.४ वर आली होती. २०१६ च्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यात १४ रिबाउंड घेऊन, शेवटच्या मिनिटात स्टीफन करीला रेषेबाहेर थोपवून धरणारा लव्ह तो हाच.

आकड्यांवरच श्रद्धा असलेल्यांसाठी एक आकडा राखून ठेवला आहे. २०१४ मध्ये जेम्स क्लीव्हलंडला परतला आणि बॉशला त्याचे जुने राज्य मिळाले. फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्याने पुढच्या फेब्रुवारीत त्याचा हंगाम संपला. तोवरच्या ४४ सामन्यांत त्याची सरासरी २१.१ होती, मायामीतली त्याची सर्वोच्च. त्या हंगामात मायामी ३७ सामने जिंकून, ४५ हरून प्लेऑफच्या बाहेर राहिला.