अटी कंपनीच्या, अडचण कारखानदाराची

पिंपरी : भोसरीतील टूलरूम असो की चाकणमधील प्रेसशॉप, तेथील काम आज ड्रॉइंगच्या फाइलने सुरू होते. वाहन कंपनीकडून आलेली फाइल संगणकावर उघडायची, तीवरून डाय किंवा फिक्स्चरचा आराखडा करायचा, त्यातून सीएनसी अथवा व्हीएमसी यंत्राला लागणारा प्रोग्राम काढायचा आणि मगच धातूला हात लावायचा, ही रोजची रीत झाली आहे. १९६६ मध्ये टेल्कोचे काम पिंपरीत सुरू झाले तेव्हा ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअरवर चालणारा हा व्यवसाय पुढच्या काळात जवळजवळ संपूर्णपणे सॉफ्टवेअरवर आला. यंत्र कारखानदाराच्या मालकीचे असते, जागा एमआयडीसीकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने मिळालेली असते. ज्या सॉफ्टवेअरविना यातले काहीच हलत नाही, त्याच्या वापराच्या अटी मात्र परदेशातील कंपनी ठरवते आणि मधल्या काळात बदलतेही. गेल्या दहा वर्षांत सॉफ्टवेअर कंपन्या आणि त्यांचे ग्राहक यांच्यातील संबंधांत जो कडवटपणा आला आहे, त्याचे मूळ येथे आहे.

विकत होते ते भाड्याने

या बदलाचे ठळक उदाहरण म्हणजे ऑटोडेस्क. या कंपनीचे ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आले आणि जगभरातील ड्राफ्ट्समनच्या हाताला त्याची सवय लागली. एकदा पैसे भरायचे, परवाना कायमचा आपला, हा त्यामागचा सरळ व्यवहार होता. नवी आवृत्ती हवी असेल तर वेगळे पैसे, नको असेल तर जुन्यावर काम चालू. जानेवारी २०१६ अखेर कंपनीने आपल्या बहुतेक स्वतंत्र उत्पादनांचे कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले. त्याच वर्षी जुलैअखेर एकत्रित संचांचीही तीच गत झाली. त्यानंतर नवे सॉफ्टवेअर फक्त ठरावीक मुदतीच्या वर्गणीवर मिळू लागले.

ज्यांच्याकडे जुने परवाने होते त्यांच्यासाठी देखभाल योजना चालू राहिली. परंतु २०१७ मध्ये कंपनीने तिचे दर त्या वर्षी ५ टक्के, २०१८ मध्ये १० टक्के आणि २०१९ मध्ये २० टक्के वाढतील, असे जाहीर केले. २०२१ मध्ये ती योजनाच बंद झाली. त्याच वर्षी २०१० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना लागणारे सक्रियता-संकेतांकही कंपनीने देणे थांबवले. संगणक बिघडला आणि नवा घ्यावा लागला, तर जुने सॉफ्टवेअर त्यावर पुन्हा चालू करण्याचा रीतसर मार्ग त्यामुळे उरला नाही. परवान्यातील ‘कायमस्वरूपी’ या शब्दाला किती अर्थ होता, हे ग्राहकांना तेव्हा कळले.

ऑटोडेस्क या वाटेवर एकटी नाही. अडोबीने २०१३ मध्येच आपली प्रमुख उत्पादने वर्गणीवर नेली. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने बंद केल्याचे सांगितले.

कंपन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. सॉफ्टवेअर सतत सुधारत ठेवण्यास अभियंते लागतात, त्यांचे पगार दरमहा द्यावे लागतात. एकदाच पैसे घेऊन वर्षानुवर्षे सेवा देणे परवडत नाही, हे म्हणणे निराधार नाही. वर्गणीमुळे नव्या उद्योजकाला सुरुवातीस मोठी रक्कम गुंतवावी लागत नाही, हाही लाभ खरा आहे. चोरून वापरल्या जाणाऱ्या प्रतींना आळा घालण्याचा हेतूही त्यामागे आहे. भाडे आकारण्यावर आक्षेप घेणे म्हणूनच अवघड आहे. घर विकत घेतल्यावर काही वर्षांनी बिल्डरने भाडेपावती हाती ठेवावी तसा हा व्यवहार ग्राहकाला वाटतो, तक्रार आहे ती त्याची.

मंदीत यंत्र थांबते, वर्गणी थांबत नाही

पिंपरी-चिंचवडच्या लघुउद्योगाला हा बदल अधिक जाचतो, त्याची कारणे त्याच्या व्यवसायाच्या घडणीत आहेत. वाहन उद्योग चढउताराचा आहे. २०१९ मध्ये वाहनविक्री घसरली तेव्हा मोठ्या कंपन्यांनी उत्पादनाचे दिवस कमी केले आणि त्याची झळ लगोलग पुरवठादारांच्या पाळ्यांना बसली. पाठोपाठ २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. अशा काळात स्वतःच्या मालकीचे यंत्र नुसते उभे राहते, कर्ज फिटले असेल तर त्यावर नवा खर्च नसतो. वर्गणीचे मीटर मात्र काम असो वा नसो फिरतच राहते, आणि ती भरली नाही तर पुढचे काम आल्यावर आपलीच जुनी फाइल उघडण्याची सोय उरत नाही.

पैशाच्या येण्याजाण्याचा मेळही बसत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजे. प्रत्यक्षात देणी रेंगाळतात म्हणूनच १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यात त्यासाठी वेगळी तरतूद लागू करावी लागली. पुरवठादाराचे पैसे असे मागाहून येतात, वर्गणी मात्र आगाऊ भरावी लागते. त्यात वाहन कंपन्या जॉबचा दर उतरवून मागतात आणि सॉफ्टवेअरचा दर चढत जातो. या दोहोंमधील अंतर कारखानदाराच्या खिशातून भरले जाते.

मग तो दुसरे सॉफ्टवेअर का घेत नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. उत्तर असे की, निवड बहुधा त्याच्या हाती नसते. वरची कंपनी कॅटियामध्ये अथवा एनएक्समध्ये काम करत असेल तर खालच्या पुरवठादाराला त्या स्वरूपातील फाइल उघडता आलीच पाहिजे. त्याच्या स्वतःच्या वीस वर्षांच्या ड्रॉइंग्ज एका विशिष्ट स्वरूपात साठलेल्या असतात. हाताखालचा प्रोग्रामर ज्यावर शिकला तेच त्याला येते, आणि विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर मोफत देऊन ती सवय शिकण्याच्या वयातच लावली जाते. विशेष म्हणजे कॅटिया बनवणाऱ्या दासो सिस्टिम्सचे मोठे विकास केंद्र पुण्यातच आहे. ज्या शहरात हे सॉफ्टवेअर घडवण्यास हातभार लागतो, त्याच शहराच्या औद्योगिक पट्ट्यातील उद्योजकाला त्याच्या अटींबाबत मात्र काही म्हणण्याची जागा नाही.

बोललेला राग आणि न बोललेला

अटी बदलून ग्राहकांची नाराजी ओढवून घेतल्याची अलीकडची काही उदाहरणे बोलकी आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये ऑटोडेस्कने फ्यूजन ३६० या सॉफ्टवेअरच्या मोफत वैयक्तिक परवान्यावर अनेक बंधने आणली. एका वेळी दहाच फाइल्सवर काम करता येईल, असे ठरले. ड्रॉइंग ‘स्टेप’ या सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढण्याची सोयही जाणार होती. वापरकर्ते खवळले आणि काही दिवसांतच ‘स्टेप’ची सोय कायम ठेवण्यात आली. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क आकारण्याची घोषणा केली. दहा दिवसांत कंपनीला माफी मागून नियम सौम्य करावे लागले, ऑक्टोबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी पायउतार झाले आणि वर्षभराने ते शुल्क गेम बनवणाऱ्यांसाठी पूर्णपणे रद्द झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये झूमच्या अटींतील कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधीचे कलम लोकांच्या ध्यानात आले तेव्हाही काही दिवसांतच मजकूर बदलावा लागला.

या तिन्ही प्रसंगी कंपन्या झुकल्या, कारण ग्राहकाला जाण्यास दुसरी जागा होती. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपने नवे गोपनीयता धोरण ‘स्वीकारा अन्यथा वापर सोडा’ अशा थाटात पुढे केले तेव्हा सिग्नल आणि टेलिग्रामकडे लोकांचा ओढा वाढला. कंपनीने मुदत फेब्रुवारीवरून मेपर्यंत पुढे ढकलली, पण धोरण मागे घेतले नाही. नातेवाईक, शाळा, सोसायटी आणि कारखान्याचा गट जेथे आहे तेथून एकट्याने उठून जाता येत नाही, हे कंपनीला ठाऊक होते.

भोसरीतील उद्योजकाची अवस्था याहून कठीण आहे. तो जाऊ शकत नाही म्हणून तो ओरडतही नाही. त्यामुळे त्याची नाराजी विक्रीच्या आकड्यांत दिसत नाही, आणि वर्गणी भरली गेली म्हणजे ग्राहक समाधानी, असा सोयीचा निष्कर्ष कंपनी काढू शकते. हा राग निराळ्या रूपाने बाहेर येतो. जुना संगणक इंटरनेटपासून तोडून जपला जातो. नव्या सुविधेच्या जाहिरातीकडे संशयाने पाहिले जाते. पर्याय मिळताच पहिली संधी साधण्याची तयारी मनात होत राहते. फ्रीकॅड या मुक्त सॉफ्टवेअरची पहिली पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. ते आज मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची सर्वत्र जागा घेईल असे नाही. परंतु सद्भावना गमावलेल्या कंपनीला ग्राहक दुसऱ्या संधीची सवलत देत नाही.

कायद्याच्या फटीत सापडलेला ग्राहक

भारतीय कायदा अशा ग्राहकाला कितपत आधार देतो? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही संकल्पना प्रथमच आली आणि त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची सोय झाली. मात्र व्यापारी कारणासाठी वस्तू वा सेवा घेणारा या कायद्याच्या दृष्टीने ग्राहक नाही. केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्याला त्यातून सूट आहे. चार कामगार ठेवून वर्कशॉप चालवणाऱ्याला ती सूट मिळवताना अडचण येऊ शकते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ हा व्यक्तीच्या माहितीपुरता आहे. डायचे ड्रॉइंग त्यात बसत नाही.

असमान ताकदीच्या दोन पक्षांतील जाचक छापील करार न्यायालय मोडून काढू शकते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ब्रजोनाथ गांगुली खटल्यात मांडले. पण दोन्ही पक्ष व्यावसायिक असतील आणि व्यवहार व्यापारी असेल तर ते लागू होणार नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. लघुउद्योजक आणि बहुराष्ट्रीय कंपनी हे कागदावर दोघेही व्यावसायिकच ठरतात.

उरतो तो स्पर्धा कायदा. व्हॉट्सअॅपच्या त्याच धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण जाहिरातींसाठी माहिती देण्यावर घातलेली पाच वर्षांची बंदी रद्द केली. धोरण जाहीर झाल्यापासून या टप्प्यावर येण्यास जवळजवळ पाच वर्षे लागली. एवढा काळ वाट पाहण्याचे बळ वर्कशॉपमध्ये नसते.

युरोपीय संघाने या बाबतीत वेगळा मार्ग धरला आहे. तेथील विदा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला असून, एका कंपनीने दुसऱ्या कंपनीवर माहितीसंबंधी लादलेल्या एकतर्फी अन्यायकारक अटी त्याखाली बंधनकारक ठरत नाहीत. क्लाउड सेवा बदलताना आपली माहिती बरोबर नेण्याचा हक्कही त्यात आहे. म्हणजे व्यावसायिक ग्राहकही दुर्बल असू शकतो, हे तेथे कायद्याने मान्य केले.

भारतात तसा कायदा येईपर्यंत काही गोष्टी उद्योजकांच्या हाती आहेत. प्रत्येक पूर्ण झालेल्या कामाची एक प्रत ‘स्टेप’ किंवा ‘डीएक्सएफ’ यांसारख्या सर्वांना वाचता येणाऱ्या स्वरूपात बाहेर काढून ठेवणे, नूतनीकरणापूर्वी बदललेल्या अटी वाचणे आणि कराराच्या मुदतीत दर व अटी स्थिर राहतील असे लेखी मागणे, ही त्यातील पहिली पायरी. मागणी एकट्याने केली तर ती ऐकली जाण्याची शक्यता कमी. औद्योगिक संघटनेने शेकडो परवान्यांची एकत्रित खरेदी करून केली तर तिला वजन येते. वाहन कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडून सर्वमान्य स्वरूपातील फाइल स्वीकारण्याचे ठरवले, तर निम्मी अडचण दूर होईल.

सॉफ्टवेअर कंपन्यांनीही एक हिशेब करून पाहावा. या पट्ट्यातील व्यवहार आजही बऱ्याच अंशी शब्दावर चालतो; ठरलेला दर मध्येच बदलणाऱ्या पुरवठादाराला पुढचे काम मिळत नाही. तोच नियम येथला उद्योजक आपल्या सॉफ्टवेअर विक्रेत्याला लावू पाहतो आहे. आज तो लावण्याची सोय त्याच्याकडे नाही, एवढेच.