माईक कुणाच्या हातात?

"तृतीयपंथीयांचा धुडगूस." "तृतीयपंथीयांच्या दोन गटांत राडा." मराठी बातम्या बघणाऱ्याला या पट्ट्या पाठ झाल्या असतील. दोन रिक्षावाले भांडले तर ते पुरुष होते असं कुणी ठळक अक्षरांत लिहीत नाही. इथे मात्र तीच बातमी.

यावर कुणी बोललं की उत्तर तयारच असतं, "आता बोलायचंही नाही का? अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे की नाही?" आहे ना. असायलाच हवं. पण ते ज्या कलम 19(1)(अ) मध्ये आहे, त्याचाच आधार घेऊन सुप्रीम कोर्टाने 15 एप्रिल 2014 च्या नाल्सा निकालात सांगितलं की माणूस आपली लिंगओळख कपड्यांतून, बोलण्यातून, वागण्यातून व्यक्त करतो, तीही अभिव्यक्तीच. म्हणजे साडी नेसून लोकलमध्ये चढणारी तृतीयपंथी व्यक्ती आणि तिच्यावर विनोद करणारा, दोघंही एकाच कलमाखाली उभे आहेत. चर्चेत धोक्यात असतं ते कायम विनोद करणाऱ्याचंच स्वातंत्र्य.

विनोद करणाऱ्याला तुरुंगात टाका, असं मी म्हणत नाही. 2019 च्या कायद्यात कलम 18 आलं. त्यात शाब्दिक छळापासून लैंगिक अत्याचारापर्यंत सगळं एकाच माळेत ओवलं आणि शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. शिवी दिली तरी तीच, अंगावर हात टाकला तरी तीच! तृतीयपंथी कार्यकर्त्यांनीच तेव्हा याला विरोध केला होता. टीव्हीवर त्याला किती मिनिटं मिळाली, आठवून बघा.

मतं मांडा की. खेळात कोणी कोणत्या गटात उतरावं, शाळेत काय शिकवावं, यावर मतभेद राहणारच. प्रश्न विचारणारा प्रत्येक जण द्वेष्टा नसतो. पण अफवा म्हणजे मत नव्हे. मे 2018 मध्ये हैदराबादेत, मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा व्हॉट्सअ‍ॅप मेसेजांच्या दिवसांत, जमावाने एका तृतीयपंथी व्यक्तीला ठार मारलं. पुढे 1 जुलैला आपल्या धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, तशाच अफवेने भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांचा जीव घेतला. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी प्रत्येकाला वाटलं असणार, आपण फक्त सावध करतोय.

आता कुणी म्हणेल, सिग्नलवर जबरदस्तीने पैसे मागतात त्याचं काय? जबरदस्ती झाली तर तक्रार करा, त्यात काहीच गैर नाही. पण नोकरी मागायला गेले तेव्हा काय झालं तेही बघा. 2022 च्या पोलीस भरतीच्या अर्जात त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, डिसेंबरमध्ये कोर्टाने सरकारला फटकारलं, तेव्हा कुठे पर्याय आला. धावण्याचे, शारीरिक चाचणीचे निकष काय ठेवायचे, हा खरा वाद घालण्यासारखा विषय होता. तज्ज्ञ बोलवा, अर्जदार बोलवा, भांडा हवं तर तासभर.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 40,891 जणांची नोंद 'इतर' या रकान्यात झाली होती. एवढ्यांतला एकही स्टुडिओत बसवण्यालायक नाही?

तालुक्यातल्या पत्रकार मित्रांनो, राड्याची बातमी जरूर करा. फक्त भांडण कशावरून झालं तेही विचारा. आणि कुणाला भाड्याने खोली मिळत नाही, कुणाच्या आधारवर अजून जुनंच नाव आहे, त्यातलंही कधी चार ओळी छापा.