अल्फा म्हणे!
दोन सज्ञान माणसांच्या 'पप प्ले'त एकजण राजीखुशीने कुत्र्याचं पिल्लू होतो, दुसरा हँडलर. यातले काही हँडलर 'मी अल्फा' म्हणत नुसते डाफरत असतात. अरे बाबांनो, हे अल्फा प्रकरण आलं कुठून? १९४७ साली शेंकेलने कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं, तिथून. ते पुस्तकातून पसरवणाऱ्या डेव्हिड मीचनेच १९९९ साली सांगितलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं! खरी कुत्री शिकवणारेही बरेच जण आता बिस्किटावर भागवतात. इथे तर माणूस आहे, आणि तोंडात चेंडू. 'थांब' म्हणणार कसा? हातातलं खेळणं खाली टाकलं की खेळ बंद, असं काही आधी ठरवलंय का? गुडघ्यांना पॅड? पाणी? छे! पट्टा मात्र भारीतला.