पट्टीखालचा तडा

मागच्या लेखात लिहिलं होतं, आजोबांच्या ट्रकला दुसरी चेसिस मिळाली. बऱ्याच जणांनी विचारलं, "मग बसवली का?" नाही बसवली. का, ते सांगतो.

ट्रक १९६६ चा टाटा-मर्सिडीज. टेल्कोने डेमलर-बेंझच्या साथीने १९५४ मध्ये हे ट्रक बनवायला घेतले आणि १९६९ मध्ये तो करार संपला. त्यामुळे त्याच मापाची चेसिस भंगारात दिसली, तेव्हा मी हरखलो. वरून काळा रंग चकचकीत. बाबा म्हणाले, "लगेच इंजिन चढवू." मिस्त्रीमामा म्हणाले, "आधी उघडी तर करूया की."

दोन शनिवार-रविवार त्यात गेले. ब्रॅकेट, पाइप, वायरिंग काढलं. डिझेलने ग्रीस धुतलं, रंग खरवडला. चेसिस लेव्हलमध्ये ठेवून ओळंब्याने चार कोपरे फरशीवर उतरवले आणि कर्ण मोजले. फरक फक्त ३ मिलिमीटर. चौकट तिरकी झालेली नव्हती. मी पेढे आणायला निघालोच होतो.

मामांनी हातोडीने एकेक रिव्हेट वाजवून बघितला. घट्ट असला की टणकन वाजतो, ढिला असला की बद्द. मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ तीन बद्द वाजले. तिथेच एक पट्टी वेल्ड केलेली होती. ती काढून रॉकेल लावलं, अर्ध्या तासाने कोरडं पुसलं, वर खडूची पूड चोळली. हळूहळू पांढऱ्यावर ओली रेघ उमटली, रिव्हेटच्या भोकापासून थेट कडेपर्यंत. तडा!

"पुन्हा पट्टी मारू," मी म्हणालो.

"कडेवर आडवं वेल्डिंग केलं, की शेजारूनच पुढचा तडा जातो," मामा म्हणाले. "नुसता शोला ठेवणार, की रस्त्यावर काढणार?"

बाबांना तर नातवंडांना बसवून राजहंसगडापर्यंत जायचं होतं. ते आता सत्तरीचे आहेत आणि गाडी शिकले याच ट्रकवर. चेसिस परत केली. निम्मेच पैसे मिळाले. बाबा दोन दिवस गप्प होते.

तुम्ही असं काही घेणार असाल, तर पैसे देण्याआधी रंग खरवडून बघा. चेसिस नंबर म्हणजे गाडीची ओळख, त्यामुळे चेसिस बदलण्याआधी आरटीओची परवानगीही घ्या.

तिसऱ्या दिवशी बाबा रॉकेलची बाटली आणि खडू घेऊन अंगणात उभे. "आपली जुनी चेसिस गंजलीय म्हणून टाकली. पण ती कुणी खरवडून बघितली काय?"

कुणीच नाही. या रविवारी तिची पाळी.