साखळी सोडणारा हात

जॉन विल्यम वॉटरहाउसची चित्रं म्हणजे कवितांची नुसती सजावट, हे मला पटत नाही. लंडनच्या टेट ब्रिटनमधलं त्याचं १८८८चं ‘द लेडी ऑफ शॅलॉट’ पाहा. टेनिसनच्या कवितेतली ही स्त्री शापामुळे जग फक्त आरशात पाहते आणि तेच विणत बसते. एकदा ती थेट खिडकीबाहेर पाहते आणि शाप खरा होतो. वॉटरहाउस तिचं मरण रंगवत नाही. नावेत ती बसली आहे, विणलेलं कापड काठावरून पाण्यात लोंबतंय, तीनपैकी एकच मेणबत्ती तेवते आहे. चेहरा व्याकूळ आहे. पण नावेची साखळी तिच्याच हातात आहे आणि ती सोडणारीही तीच. म्हणून मला ती बिचारी वाटत नाही. शाप कुणाचाही असो, निघण्याचा निर्णय तिचा आहे.