डोंगराचं स्मारक झालं, डोंगरातल्या माणसाचं काय?



डोंगरात लपून लढलेल्याला सरकार मेल्यावर हार घालतं. आणि ज्या माणसांच्या रानात तो लपला, त्यांना अतिक्रमणदार म्हणतं. ही गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपले वनहक्काचे दावे इथंच अडतात.

यंदा 2 जानेवारीला भोर-वेल्ह्याची आम्ही काही पोरंपोरी मुरबाड तालुक्यात सिद्धगडला जाऊन आलो. 1942 च्या चले जाव लढ्यात माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभा केला. मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. इंग्रज सरकार मागं लागलं, तेव्हा दस्ता सिद्धगडच्या रानात गेला. 2 जानेवारी 1943 ला पोलिसांनी तिथं गाठलं. गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. आज तिथं स्मारक आहे, दरसाल लोक जमतात. जमलंच पाहिजे.

पण डोंगर काही एकट्या माणसाला लपवत नाही. पाणी कुठं आहे, वाट कुठून उतरते, शिपाई कुठून चढतात, हे रानात राहणाऱ्यालाच ठाऊक. म्हणजे ती जागा त्या वेळीही रिकामी नव्हती. आता तेच रान भीमाशंकर अभयारण्यात आहे. जुन्या लोकांना लाकूडफाट्याला जायलाही भ्यावं लागतं.

उरणजवळच्या चिरनेरचंही तसंच. 25 सप्टेंबर 1930 ला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. त्यात नाग्या कातकरी गेला. जंगलासाठी जीव दिलेल्या कातकऱ्याचं नाव आपण अभिमानानं घेतो. मग त्याच्या जातभाईंच्या वाडीखालची जमीन अजून त्यांच्या नावावर का नाही?

काही जण म्हणतात, "स्मारकाचा आणि आपल्या दाव्याचा काय संबंध?" संबंध सरळ आहे. हुतात्म्यांची गोष्ट लोकांनी सांगितली, जपली, म्हणून टिकली. आपल्या वाडीची गोष्टही म्हाताऱ्यांच्या तोंडीच आहे. साहेब म्हणतो, "कागद दाखवा." पण कायदा नुसता कागद मागत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियम 13 मध्ये पुरावे दिलेत. दावेदार सोडून दुसऱ्या जाणत्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा आहे. जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा हा पुरावा आहे. घर, बांध, सपाट केलेलं शेत हाही पुरावा आहे. यातले एकाहून जास्त जोडायचे. आदिवासीनं 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसलेली असली की दावा बसतो. आणि दाव्याची तपासणी पुरी होईस्तोवर कलम 4(5) प्रमाणं कुणाला उठवता येत नाही.

आपलं भाटघर घ्या. धरण 1928 ला पुरं झालं, तेव्हा नाव दिलं लॉईडसाहेबाचं. आता जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, ते बरं झालं. राजगड, तोरणाही राखलेत. पण वरच्या रानात राहणारे कातकरी, महादेव कोळी कुठल्या पाटीवर आहेत? पाटी कुणी आणून देणार नाही, आणि आपल्याला नुसती पाटी नकोही. आपल्याला सातबारा पाहिजे, सामूहिक हक्काचं पत्र पाहिजे.

म्हणून सांगणं एवढंच. प्रत्येक वाडीतल्या शिकलेल्या पोरानं, पोरीनं वही घ्यावी आणि आजा-आजीजवळ बसावं. कुठं राहिलो, कुठं नाचणी-वरई पिकवली, कुठला देव, कुठला झरा, कोण कुठं पुरलंय, सगळं लिहावं. अंगठा घ्यावा, तारीख टाकावी, ग्रामसभेत वाचावं, वनहक्क समितीच्या फायलीला लावावं. म्हातारी माणसं एकेक करून चालली आहेत. त्यांच्यासोबत आपला पुरावाही जातोय. हे काम पेरणीच्या आधी उरका.