गिळता येत नाही म्हणून थांबा?

भारतात कुणालाही ही गोष्ट फोनवर सांगितली की प्रतिक्रिया ठरलेली असते. "काय हे! एवढा प्रगत देश आणि लहान पोराला प्रसाद द्यायला इतके नियम?" आणि मग जरा समाधानाने, "आपल्याकडे बुवा असं काही नसतं." यातलं पहिलं वाक्य अर्धवट आहे. दुसरं मात्र सरळसरळ खोटं आहे.

आधी गोष्ट सांगतो. 2006 साली ॲरिझोनातल्या लेक हावासू सिटी नावाच्या गावातला दहा वर्षांचा एक मुलगा बातम्यांमध्ये आला. मुलगा ऑटिस्टिक. अशा बऱ्याच मुलांना खाण्याच्या पदार्थांचा स्पर्श सोसत नाही. चव नव्हे, स्पर्श! जिभेला कोरडं, खरखरीत काही लागलं की आतून सगळं शरीर 'नको' म्हणतं. रविवारी हा मुलगा कम्युनियन घ्यायचा, पण ती चकती काही गिळता यायची नाही. मग वडील ती काढून घेऊन स्वतः खायचे. फिनिक्सचे बिशप थॉमस ओल्मस्टेड यांनी कळवलं की हे चालणार नाही. तोंडाला लावून परत काढलं तर ते ग्रहण झालंच नाही. झालं! 'निष्ठुर चर्च विरुद्ध बिचारं लेकरू' असा सामना रंगला.

आता इथे आपण हिंदू मंडळी एक घोटाळा करतो. कम्युनियन म्हणजे आपला प्रसाद, असं समजतो. पेढा नसला तर साखर, साखर नसली तर तुळशीचं पान. भाव महत्त्वाचा! कॅथलिकांचं तसं नाही. मिस्सामध्ये धर्मगुरूने ती बिनआंबवलेली गव्हाची चकती अर्पण केली की ती भाकर उरत नाही, ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर होतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. 'घ्या, खा' अशी येशूची आज्ञा आहे, म्हणून खाणं आलंच. तुम्हाला पटो न पटो (मला पटण्याचा प्रश्नच नाही, मी गणपती बसवणारा माणूस), पण एकदा हे गृहीत धरलं की बिशपांचा शास्त्रार्थ चुकला असं म्हणता येत नाही. सिस्टिमचं स्पेसिफिकेशनच तसं आहे.

माझं भांडण स्पेसिफिकेशनशी नाहीच. ते पूर्ण न वाचता खिडकीवरून 'नाही' म्हणणाऱ्यांशी आहे.

कारण पूर्ण वाचलं तर काय दिसतं? चर्चच्या कायद्याचं कलम 924 म्हणतं की भाकर फक्त गव्हाचीच हवी. हे कलम सगळ्यांना पाठ. त्याच्या पुढचंच कलम 925 म्हणतं की गरज असेल तर नुसत्या द्राक्षरसाच्या, म्हणजे वाइनच्या रूपातही कम्युनियन देता येतं. हे मात्र कुणी आपणहून सांगत नाही! शिवाय चर्चची शिकवण अशी की ख्रिस्त प्रत्येक कणात आणि प्रत्येक थेंबात पूर्ण असतो. म्हणजे तांदळाएवढा तुकडा दिला काय आणि अख्खी चकती दिली काय, फरक शून्य. पाणी प्यायल्याने कम्युनियनच्या आधीचा एक तासाचा उपास मोडत नाही. आणि याच पोपच्या छत्राखाली असलेल्या रुथेनियन, युक्रेनियन अशा पूर्वेकडच्या कॅथलिकांमध्ये वाइनमध्ये भिजवलेला तुकडा चमच्याने देतात. बाप्तिस्म्याच्या वेळी तान्ह्या बाळालासुद्धा! तेव्हा 'त्याला गिळता येत नाही' हे प्रश्नाचं वर्णन झालं, उत्तर नव्हे.

'त्याला कळत नाही' ही दुसरी सबब. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी 1995 मध्येच अपंगांच्या संस्कारांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, 2017 मध्ये ती सुधारली. त्यात स्वच्छ लिहिलंय की ही भाकर साध्या खाण्यापेक्षा वेगळी आहे एवढं मुलाला जाणवलं तरी पुरे. ते बोलून दाखवायला हवं असं नाही. हावभाव, नुसतं आदराने गप्प उभं राहणंही चालतं. अपंगत्व हे स्वतःहून नकाराचं कारण होत नाही. आणि शंका असेल तर कौल मुलाच्या बाजूने. मला विचाराल तर इतकी उदार नियमावली सरकारी खात्यांतही क्वचित सापडेल. पण ती कपाटात असते, आणि आईबापांना पहिल्या भेटीत भेटतो तो खिडकीवरचा माणूस.

गव्हाचंच बघा. 2004 साली न्यू जर्सीत आठ वर्षांच्या एका मुलीचं पहिलं कम्युनियन ट्रेंटनच्या धर्मप्रांताने अवैध ठरवलं. तिला सेलियाक होता, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडायचं, म्हणून तिला तांदळाची चकती दिली होती. तेव्हाही जगभर आरडाओरडा झाला. पण त्याच सुमाराला मिझुरी राज्यातल्या क्लाइड इथल्या बेनेडिक्टाइन सिस्टर्सनी बरीच वर्षं खटपट करून गव्हाचीच, पण जेमतेम 0.01 टक्का ग्लुटेन असलेली चकती तयार केली. 2003 मध्ये व्हॅटिकनमधून कार्डिनल रात्झिंगर यांनी (हेच पुढे पोप बेनेडिक्ट झाले) कळवलं होतं की अजिबात ग्लुटेन नसलेली चकती चालणार नाही, कमी ग्लुटेनची चालेल. त्या ओळीच्या आत राहून नन्सनी काम केलं. इंजिनिअर म्हणून मला याचं भारी कौतुक आहे. हिशोब करा: चकती अर्ध्या ग्रॅमची धरली तरी ग्लुटेन 50 मायक्रोग्रॅम. सेलियाकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत सोसतं असं मानतात. म्हणजे दोनशेपट खाली! नियम न मोडता वाट काढणं याला म्हणतात. आणि ती वाट कुणा मोठ्या अधिकाऱ्याने नाही, पीठ मळणाऱ्या बायकांनी काढली.

आता जवळचं उदाहरण. आमच्या ओळखीचं मूळचं वसईचं एक कुटुंब इथे राहतं. घरात अजून मराठी, सणाला इंदेल सगळं कसं साग्रसंगीत. वसईत पहिलं कम्युनियन म्हणजे काय थाट असतो ते तिकडच्यांना सांगायला नको. पांढरे कपडे, पाहुणे, जेवणावळ, लग्नाच्या खालोखाल. यांच्या धाकट्याला कोरडं काही गिळता येत नाही, ठसका लागतो. चर्चच्या वर्गात सांगितलं, "पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षीही तेच. मोठं गोड बोलून बरं का! अमेरिकेत 'नाही' हा शब्द कुणी उच्चारत नाही, तो नुसता पुढे ढकलतात. तिसऱ्या वर्षी आईने स्वतः नियम शोधून काढले आणि थेट फादरना भेटली.

पुढे जे झालं ते अगदीच साधं आहे. अर्पण न केलेल्या चकत्या चर्चच्या सामानाच्या दुकानात विकत मिळतात, सरावाला त्या चालतात. एक पाकीट आणलं. पहिले काही दिवस नुसती ताटाशेजारी ठेवायची. मग हातात घ्यायची, मग ओठाला लावायची. मग मोहरीएवढा कण चमचाभर पाण्यात भिजवून जिभेवर. स्पीच थेरपिस्टने मान किती खाली घ्यायची ते दाखवलं. एकही दिवस जबरदस्ती नाही, थुंकलं तर थुंकलं, ती अजून साधीच चकती होती. महिन्या-दीड महिन्यात कण गिळायला लागला. कणाच्या पुढे काही गेला नाही, आणि जायची गरजही नव्हती. फादर म्हणाले, "एवढंच? मला आधी का नाही सांगितलंत?" आता यावर त्या बाईने काय बोलावं! दोन वर्षं ती हेच सांगत होती, फक्त ते त्यांच्यापर्यंत पोचू दिलं नव्हतं.

ॲरिझोनातल्या त्या बापाबद्दल म्हणूनच मला राग येत नाही, की तो नियमाविरुद्ध वागला म्हणून हसूही येत नाही. हातात असलेलं एकमेव साधन त्याने वापरलं. मुलाच्या जिभेला जे जमत नाही ते बापाच्या जिभेने. शास्त्रात बसत नसेल. पण शास्त्रात बसणारे पाच मार्ग ज्यांच्याकडे लिहून ठेवलेले आहेत त्यांनी ते पहिल्या दिवशी टेबलावर मांडले नाहीत, तर बाप दुसरं काय करणार?

आणि आता ते "आपल्याकडे असं नसतं". खरंच? गतिमंद मुलाची मुंज करायची म्हटल्यावर "त्याला गायत्री म्हणता येईल का?" असं विचारणारे गुरुजी आणि आत्या-मावश्या तुम्ही पाहिले नाहीत? तीर्थ पळीने देतात, पण ओंजळ धरता न येणाऱ्या मुलाच्या तोंडात ती पळी थेट घालायला किती पुजारी तयार असतात? डोंगरावरच्या देवळात व्हीलचेअर न्यायची म्हणजे चार माणसं शोधायची, नाहीतर "पायरीचं दर्शन घ्या, तेही तेवढंच" हे ऐकून परतायचं. फरक इतकाच की इथे नकार लेखी असतो, म्हणून त्यावर भांडता येतं, वर दाद मागता येते, पेपरात छापून येतं. आपल्याकडे कुणी नाही म्हणतच नाही. घरचेच मुलाला मागे ठेवतात आणि "त्याला गर्दी सोसत नाही" म्हणतात.

असो. या वर्षी आमच्या ओळखीच्या त्या बाईने चर्चच्या नोंदणीच्या फॉर्मवरून नवीन भांडण काढलंय. फॉर्मवर शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, असा रकाना आहे, कारण वर्गानंतर मुलांना कुकीज देतात. मुलाला गिळायला त्रास होतो का, असा रकाना नाही. तिचं म्हणणं, कुकीसाठी विचारता, मग ज्यासाठी वर्ग भरतो त्यासाठी का नाही? समितीने सांगितलंय, पुढच्या वर्षी बघू.